एमसीबी पडला म्हणजे नेमकं काय झालं? घरातला शॉर्ट शोधायची सुरक्षित रीत

घरातले दिवे गेले, डीबी (खटक्यांची पेटी) उघडला आणि एक खटका, म्हणजे जादा करंट तोडणारा एमसीबी, खाली दिसला, की हात आपोआप तो वर करायला जातो. पुन्हा पडला की पुन्हा वर. मग कोणीतरी "शॉर्ट झालाय" म्हणतं आणि स्विचबोर्डाचे स्क्रू सुटायला लागतात. या घाईत सगळ्यात कामाची माहिती वाया जाते: कोणता खटका पडला, काय चालू असताना पडला आणि वर केल्यावर किती वेळाने पडला. ही तीन उत्तरं कागदावर लिहून काढली तर एकही स्क्रू न सोडता बिघाडाची जात कळते, आणि बहुतेक वेळा जागाही.

खालची गणितं २३० व्होल्टच्या सिंगल फेज घरगुती पुरवठ्याची आहेत.

"शॉर्ट" या एका शब्दात चार बिघाड

घरात हा शब्द सरसकट वापरला जातो, पण शोधायची रीत प्रत्येक बिघाडाला वेगळी लागते.

खरा शॉर्ट म्हणजे फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) या दोन तारा, मध्ये कोणतंही उपकरण नसताना, एकमेकींना भिडणं. दिवा किंवा पंखा मध्ये असला की तो करंटला अडवून धरतो. तो अडथळा गेला की उरतो फक्त तारेचा रोध. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.०१२ ओहम. डीबीपासून २० मीटरवर तारा भिडल्या तर जाऊन-येऊन ४० मीटर तार, म्हणजे जेमतेम अर्धा ओहम. २३० ला अर्ध्याने भागा: साडेचारशे अँपिअरच्या आसपास. ज्या तारेतून एरवी चार-पाच अँपिअर जातात तिच्यातून हे जातं. 'फट्' आवाज आणि भिंतीवरचा काळा डाग त्यामुळेच.

दुसरा बिघाड अर्थ फॉल्ट. यात फेज तार उपकरणाच्या धातूच्या अंगाला किंवा अर्थिंगच्या तारेला लागते. "बॉडीला करंट उतरलाय" असं वायरमन म्हणतात ते हेच. अर्थिंग चांगलं असेल तर करंट त्या वाटेने जातो आणि खटका पडतो. अर्थिंग तुटलेलं असेल आणि आरसीसीबीही (करंट बाहेर झिरपला की पडणारा खटका) नसेल, तर काहीच पडत नाही. गिझरचं अख्खं अंग फेज होऊन बसतं आणि ते कळतं पहिल्यांदा हात लावणाऱ्याला. याचंच सौम्य रूप म्हणजे लीकेज: ओल आलेल्या जागेतून काही मिलिअँपिअर झिरपत राहतात.

तिसरा ओव्हरलोड. वायरिंगमध्ये दोष काही नसतो, एकाच सर्किटवर ओढ जास्त झालेली असते.

चौथा ढिला जोड, आणि चारांत हाच जास्त दगाबाज, कारण तो सहसा कोणताच खटका पाडत नाही. सॉकेटमागचा स्क्रू सैल होऊन त्या जागी अर्धा ओहम रोध तयार झाला आणि त्यातून १० अँपिअर वाहू लागले, तर स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत ५० वॉट उष्णता साठते. सोल्डरिंगची इस्त्री साधारण एवढीच असते. एमसीबीच्या लेखी मात्र करंट फक्त १० अँपिअर, म्हणून तो निवांत असतो. प्लास्टिक तापून सडक्या माशासारखा वास येतो. स्वयंपाकघरात मासे नसताना असा वास आला तर तो कोणत्या बोर्डाजवळ जास्त येतो ते हुंगून बघा आणि ते सर्किट लगेच बंद करा.

खटके काय पाहतात

एमसीबीच्या आत दोन वेगळ्या यंत्रणा असतात. एक, दोन धातू जोडून केलेली पट्टी. करंट मापापेक्षा जास्त वाहू लागला की ती तापून वाकते आणि खटका सोडते. हिचं काम सावकाश चालतं. दुसरी, तारेची गुंडाळी. करंट एकदम उसळला की तिचं चुंबक होतं आणि खटका सेकंदाच्या शंभराव्या भागात खाली येतो. वर "सी १६" असं छापलेलं असेल तर १६ अँपिअर हे त्याचं माप, आणि "सी" हा चुंबकाचा स्वभाव: मापाच्या ५ ते १० पट करंट झाला, म्हणजे ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान कुठेतरी, की लगेच पडायचं. "बी" जातीचा ३ ते ५ पटीतच पडतो, त्यामुळे पाण्याच्या पंपासारखी मोटर सुरू होतानाच्या क्षणिक ओढीनेही तो कधी कधी पडतो. तिथे बिघाड कसलाच नसतो.

तापणाऱ्या पट्टीचे आकडे लोकांना चकवतात. १६ चा एमसीबी १६.१ अँपिअरला पडेल अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो १८ अँपिअरवर तासभर तग धरतो, २३ अँपिअरवर तासाच्या आत पडायला हवा, आणि ४० अँपिअरवर मिनिटभरात. आता २००० वॉटचा गिझर घ्या, ८.७ अँपिअर. २००० वॉटची इंडक्शन शेगडी, आणखी ८.७. वर १००० वॉटची इस्त्री, ४.३. बेरीज जवळजवळ २२. एवढ्या ओढीवर तो वीस मिनिटांत पडेल किंवा पाऊण तास रेंगाळेल. "कधी पडतो, कधी पडत नाही, एमसीबीच खराब असणार" या तक्रारीमागे बऱ्याचदा हे असतं. एमसीबी खरंच दोषी असतो तो वेगळ्या कारणाने: त्याच्या तळाचा स्क्रू ढिला असला की जोड तापतो, ती उष्णता आतल्या पट्टीला लागते आणि ओढ कमी असूनही खटका पडतो.

आरसीसीबीचं काम निराळं. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तो सतत तुलना करतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. एवढा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत त्याने पडायलाच हवं, आणि १५ मिलिअँपिअरच्या पुढे कधीही पडायची त्याला मुभा असते. हातात १० मिलिअँपिअरच्या आसपास करंट गेला की स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या वर, काही वेळ टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून ३०.

पण आरसीसीबीला ओव्हरलोड दिसत नाही, फेज-न्यूट्रल शॉर्ट दिसत नाही, आणि एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलेला माणूस त्याला बल्बसारखाच वाटतो. गेलेला करंट परत आला, हिशोब जुळला, तो पडणार नाही. "आरसीसीबी आहे, मग काय होतंय" या भरवशावर चालू बोर्डात बोटं घालणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं.

वेळ काय सांगते

एमसीबी वर करताच, हात काढायच्या आत पडला, तर शॉर्ट किंवा जोरदार अर्थ फॉल्ट. पाच मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने पडला, तर ओव्हरलोड. एखादं ठरावीक बटण दाबताच पडला, तर दोष त्या बटणाच्या पुढे: पुढची तार, होल्डर किंवा उपकरण. पडला तो आरसीसीबी आणि तो पावसात किंवा भिंत धुतल्यावर, तर बाहेरचा दिवा, गच्चीवरचा जोड, ओली भिंत. गिझर लावल्यावर चार-पाच मिनिटांनी आरसीसीबी पडला, तर एलिमेंट (आतली पाणी तापवणारी नळी). त्याविषयी पुढे सविस्तर. काहीच पडत नाही पण दिवे लुकलुकतात, बोर्डातून चरचर ऐकू येते, तर ढिला जोड.

आरसीसीबी कसल्याही नियमाशिवाय, आठवड्यातून एकदा असा पडत असेल तर एक शक्यता बेरजेची असते. संगणक, वॉशिंग मशीन, एलईडीचे ड्रायव्हर यांच्या आतल्या फिल्टरमधून थोडासा करंट अर्थिंगकडे जातच असतो आणि तो बिघाड नसतो. अशी दहा-बारा उपकरणं एकाच आरसीसीबीवर असली की तो कायम काठावर उभा असतो. उपाय म्हणजे सर्किट दोन आरसीसीबींत वाटून घेणं.

स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी

पडलेला खटका वर करायचा तो एकदाच. आधी तो पूर्ण खाली ओढायचा आणि मग वर, कारण काही बनावटींत तो मध्येच अडकतो आणि नुसता वर ढकलला तर धरत नाही. पायात कोरडी चप्पल, हात कोरडे, तोंड डीबीसमोर न ठेवता बाजूला. लगेच पडला तर तिथेच थांबा. दर वेळी खटका वर करणं म्हणजे जळक्या जागेतून पुन्हा शेकडो अँपिअर सोडणं. पहिल्या वेळी तारेचं आवरण फक्त करपलेलं असतं, पाचव्या वेळी ते पेटू शकतं.

उघडायचं ठरलं तर वीज बंद करणं हा वेगळा, पूर्ण विचाराने करायचा टप्पा आहे. नुसता त्या सर्किटचा एमसीबी खाली करून भागत नाही. एक तर साधा एक पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. शिवाय एकाच स्विचबोर्डात दिव्यांचं सर्किट आणि मोठ्या सॉकेटचं सर्किट वेगवेगळ्या एमसीबींवरून आलेलं असतं. त्याहून मोठा धोका इन्व्हर्टरचा: मेन बंद केलं की तो लगेच जागा होतो आणि घरातल्या निम्म्या तारांत २३० व्होल्ट सोडतो. म्हणून इन्व्हर्टरचं स्वतःचं बटण बंद, त्याचा घराकडे जाणारा आउटपुट तोडलेला, मग मेन बंद. सोलर असेल तर त्याचाही स्विच. मेनवर चिकटपट्टी लावून "काम चालू आहे" लिहा. अंधार झाला म्हणून कोणीतरी सहज येऊन खटका वर करतं, असं खरंच घडतं.

वीज नाही याची खात्री तीन पायऱ्यांत होते. आधी फक्त त्या सर्किटचा एमसीबी खाली करून मल्टिमीटर दुसऱ्या चालू सॉकेटवर लावा: २३० च्या आसपास दिसलं म्हणजे मीटर धड आहे. मग हव्या त्या बोर्डावर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तीन मापं घ्या. एकच माप पुरत नाही, कारण न्यूट्रल तुटलेला असेल तर फेज-न्यूट्रल शून्य दिसेल आणि फेज मात्र जिवंत असेल. मग पुन्हा त्याच चालू सॉकेटवर मीटर तपासा. मधल्या वेळेत मीटरचीच वायर तुटली नसल्याचं यातून कळतं. हे झाल्यावर इन्व्हर्टर आणि मेन बंद करा, बोर्ड उघडा आणि आतल्या प्रत्येक तारेवर तीच तीन मापं पुन्हा घ्या.

खिशातल्या टेस्टरवर एवढा भरवसा ठेवू नका. त्यातला निऑन दिवा तुमच्या अंगातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म करंटवर पेटतो. जाड रबरी चप्पल, लाकडी स्टूल किंवा भर उजेड असला तर जिवंत तारेवरही तो विझलेला वाटतो. उलट, मोकळी तार शेजारच्या चालू तारेमुळे नुसती भारलेली असली तरी मिणमिणतो. डिजिटल मीटरही अशा मोकळ्या तारेवर ४०-५० व्होल्ट दाखवतं. तो भुताटकीचा व्होल्टेज असतो, लोड लावला की नाहीसा होतो. मीटर निवडताना "कॅट ३" (सुरक्षेचा दर्जा) असं छापलेलं आणि टोकांवर बोटांसाठी कडा असलेल्या वायरींचं घ्या.

एकेक करून वगळणं

एमसीबी लगेच पडत असेल तर त्या सर्किटवरचे सगळे प्लग उपटून काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही; बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच असतात. त्या सर्किटवरचे सगळे स्विच बंद करा. आता खटका एकदा वर. टिकला, तर भिंतीतली मुख्य तार ठीक आहे. दोष एखाद्या उपकरणात किंवा एखाद्या स्विचच्या पुढे आहे. स्विच एकेक करून चालू करत जा, दोन स्विचांमध्ये थोडं थांबा. ज्याने पडला तो सापडला. मग प्लग, त्याच रीतीने. इस्त्री, मिक्सर, एक्स्टेन्शन बोर्ड हे पहिले संशयित, आणि त्यांतही वायर पिनटॉपमध्ये (प्लगमध्ये) शिरते तो गळ्याचा भाग. रोज वाकून तिथलं आवरण आतून फाटतं, बाहेरून काही दिसत नाही. वायर तिथे हळूच वाकवून पाहिली तर ती बाकीच्या वायरपेक्षा लुळी लागते.

सगळं काढूनही खटका पडतोच, तर दोष कायमच्या वायरिंगमध्ये आहे. आता खटक्याला हात न लावता मीटरने शोधायचं.

आरसीसीबीचा शोध थोडा वेगळा. सगळे एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करा. टिकला तर एमसीबी एकेक वर करत जा. पण सगळे एमसीबी खाली असूनही तो पडला, किंवा निरनिराळ्या एमसीबींवर पडतो आणि कोणा एकावर बोट ठेवता येत नाही, तर न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी भिडल्याची शंका घ्या. हा बिघाड भल्याभल्यांना फिरवतो. एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, त्यामुळे दोष असलेलं सर्किट "बंद" असूनही त्याचा न्यूट्रल डीबीतल्या न्यूट्रल पट्टीला जोडलेला असतो. तुम्ही दुसऱ्याच खोलीतला गिझर लावता. त्याचा परतीचा करंट पट्टीवर येतो आणि त्यातला काही भाग त्या भिडलेल्या जागेतून अर्थिंगकडे सटकतो. हिशोब चुकतो, आरसीसीबी पडतो आणि निर्दोष गिझरवर आळ येतो. इथेही आधी घरातले सगळे प्लग उपटा. तरीही पडत असेल तर मेन बंद करून पट्टीवरच्या न्यूट्रल तारा एकेक सोडवून प्रत्येकीचं अर्थशी माप घ्यावं लागतं. डीबीच्या आतलं हे काम वायरमनवर सोपवा, पण "न्यूट्रल-अर्थ तपासा" एवढं त्याला सांगितलंत तर त्याचा अर्धा दिवस वाचेल.

मीटरने माप घेताना

इन्व्हर्टर आणि मेन बंद, प्लग काढलेले, बल्ब-ट्यूब होल्डरमधून उतरवलेल्या, आणि आता स्विच मात्र सगळे चालू, म्हणजे त्यांच्या पुढच्या ताराही मापात येतील. मीटर २०० ओहमवर. आधी मीटरची दोन टोकं एकमेकींना लावून पाहा: ०.२ ते ०.५ येईल, तो वायरींचाच रोध. मग त्या सर्किटवर फेज-न्यूट्रल. मोकळं दाखवलं तर मार्ग स्वच्छ. एक-दोन ओहम दाखवले तर शॉर्ट.

बीप वाजला म्हणजे शॉर्ट, असं मात्र नाही. काही मीटर ३० ते ५० ओहमपर्यंत बीप देतात. २००० वॉटच्या गिझरचं एलिमेंट २६ ओहम असतं, १००० वॉटच्या इस्त्रीचं ५३. विसरून जोडलेला राहिलेला गिझर अशा मीटरवर बीप देतो आणि लोक भिंत फोडायला निघतात. कानावर न जाता आकडा वाचा. न काढलेला सीलिंग फॅन काहीशे ओहम दाखवेल, तोही शॉर्ट नव्हे.

शॉर्ट दिसला की सर्किट अर्ध्यावर तोडा. मध्यभागी पडेल असा जंक्शन बॉक्स किंवा स्विचबोर्ड उघडा, पुढे जाणाऱ्या तारा सोडवा आणि दोन्ही बाजूंचं वेगवेगळं माप घ्या. शॉर्ट ज्या अर्ध्यात दिसेल तो अर्धा पुन्हा अर्ध्यावर. आठ बोर्डांचं सर्किट असेल तर तीन वेळा उघडण्यात दोष दोन बोर्डांमधल्या तुकड्यावर येतो. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि तारांना कागदी पट्टी लावा. रंगांवर जाऊ नका: जुन्या घरांत काळी तार फेज म्हणून आणि हिरवी स्विचची परत तार म्हणून वापरलेली सापडते.

मीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, त्यामुळे भिडलेलं तांबं त्याला दिसतं, पण ओलीने कमकुवत झालेलं आवरण दिसत नाही. "मीटरवर सगळं ठीक, तरी आरसीसीबी पडतो" याचं कारण हेच. त्यासाठी मेगर लागतो: तो ५०० व्होल्ट डीसी लावून आवरणाची ताकद मोजतो. निदान १ मेगाओहम यायला हवा. चांगल्या वायरिंगला शेकड्यांनी येतात. मेगर लावण्याआधी एलईडी ड्रायव्हर, डिमर, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सुटे करावे लागतात, नाहीतर तेच जळतात.

बरेच वायरमन यासाठी सिरीज बल्बही वापरतात. १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब सर्किटच्या फेजमध्ये ओळीत जोडला की शॉर्टमधूनही अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त जाऊ शकत नाही. बल्ब पूर्ण पेटलेला म्हणजे शॉर्ट आहे; दोष सुटला की तो मंदावतो. कल्पना झकास आहे, पण काम चालू विजेवर होतं, म्हणून सवय नसलेल्याने करायचं नाही.

नेहमीच्या जागा

पंख्याच्या वरच्या कपाखाली पंख्याची कंपनं वर्षानुवर्षं तार धातूच्या कडेवर घासत असतात. स्विचबोर्डाची प्लेट बसवताना मागे कोंबलेली तार स्क्रूखाली चिमटली जाते. रंगकाम झाल्यावर आठवड्याभरात एमसीबी पडू लागला तर आधी तिथेच पाहा. भिंतीत नुकताच खिळा ठोकला किंवा ड्रिल केलं असेल तर दुसरीकडे शोधूच नका. तारा सहसा बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली, नाहीतर दोन बोर्डांच्या सरळ रेषेत धावतात. त्या पट्ट्यात खिळा नको. बाहेरच्या दिव्यात पाणी वरून शिरतं, त्यामुळे वायर खालून आत न्यायची. माळ्यावर उंदीर. बोर्डात मुंग्या आणि पाली, हा विनोद नाही: पाल फेज आणि अर्थच्या पट्टीत सापडून अर्थ फॉल्ट होतो, आणि पुरावा तिथेच काळाठिक्कर पडलेला असतो.

टेप गुंडाळून केलेले जोड काही वर्षांनी सुटतात, कारण टेपचा डिंक वाळतो. जोड हवाच असेल तर तो जंक्शन बॉक्समध्ये, स्क्रूच्या किंवा दाबाच्या कनेक्टरने. पाइपच्या आत, भिंतीत जोड कधीच नको.

आता गिझर. त्याच्या एलिमेंटची बाहेरची नळी धातूची असते, आत तापणारी तार, आणि दोघांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही, पण हवेतली ओल मात्र शोषते. महिनोन्महिने बंद असलेला गिझर पहिल्यांदा लावताच आरसीसीबी पडतो तो या ओलीमुळे. क्षार साचून नळीला केसाएवढी चीर पडली असेल तर थंड असताना काही दिसत नाही. तापून फुगली की चीर उघडते, पाणी पुडीत शिरतं आणि चार-पाच मिनिटांनी आरसीसीबी पडतो. तपासायला वीज पूर्ण तोडून एलिमेंटच्या दोन्ही तारा सोडवा. दोन टोकांमध्ये २६ ओहमच्या आसपास यायला हवेत. कोणत्याही टोकापासून नळीच्या धातूपर्यंत मीटर मोकळं दाखवायला हवं. काही लाख ओहम जरी आले तरी एलिमेंट गेलेलं समजा. दुरुस्ती नसते, बदलायचंच. अर्थिंगची तार सोडवून आरसीसीबी पडायचा थांबवणं ही युक्ती मात्र जीवघेणी आहे: खटका थांबतो, करंट नळाच्या पाण्यात राहतो.

हात आवरायच्या जागा

विजेचं मीटर, त्यामागची केबल आणि मेनच्या वरची बाजू वीज कंपनीची. मेन बंद करूनही ती जिवंत असते आणि सील तोडायचं नसतं. मायक्रोवेव्ह उघडू नका, त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही मारण्याइतका भरलेला असतो. पुराचं पाणी शिरलेले बोर्ड वरून कोरडे दिसले तरी मेगर लावल्याशिवाय चालू करायचे नाहीत. डीबीतली पट्टी किंवा तार काळी पडली असेल, एमसीबी गरम लागत असेल, दोष भिंतीच्या आतल्या तुकड्यावर येऊन थांबला असेल, तर तिथून पुढे लायसन्सधारक वायरमन.

१६ चा पडतो म्हणून ३२ चा एमसीबी बसवणं, किंवा जुन्या फ्यूजमध्ये जाड तार गुंफणं, यानंतर एमसीबीऐवजी भिंतीतली तार फ्यूजचं काम करू लागते. दिव्यांच्या १.५ चौरस मिलिमीटर तारेवर १० अँपिअरचा आणि २.५ वर १६ चा एमसीबी असतो तो तारेला वाचवायला. घरगुती पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी केलेलं असतं.

बोर्डाने पेट घेतलाच तर आधी मेन, मग कार्बन डायऑक्साइडचं किंवा कोरड्या पावडरचं अग्निशामक, पाणी नाही. कोणी चिकटलं असेल तर त्याला धरू नका. मेन बंद करा. ते हाताशी नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने ढकला. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि रुग्णवाहिका बोलवा. शुद्धीवर असला तरी डॉक्टरला दाखवा, हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

दुरुस्ती झाल्यावर खटका वर करण्याआधी मेन बंद आणि प्लग काढलेले असतानाच, मीटर ओहमवर ठेवून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ ही तिन्ही मापं पुन्हा घ्या. तिन्ही मोकळी हवीत. चालू केल्यावर आरसीसीबीचं "टी" बटण दाबून तो पडतो का पाहा, आणि दर महिन्याला पाहत जा. हे बटण फक्त त्याची आतली यंत्रणा तपासतं. अर्थिंग आहे की नाही हे त्यातून कळत नाही, अर्थिंग तुटलेल्या घरातही तो तितक्याच इमानाने पडतो. अर्ध्या तासाने, सर्किटवर नेहमीची ओढ असताना, दुरुस्त केलेल्या बोर्डाच्या प्लेटला हाताची मागची बाजू लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर एखादा स्क्रू अजून ढिला आहे. आणि डीबी बंद करण्याआधी प्रत्येक एमसीबीखाली तो कोणत्या खोलीचा आहे ते पेनाने लिहा.